कोठाराची झडती : कारखानिसापासून ड्रोनपर्यंत



कोठारांत माल भरणें सोपें. परंतु वहींत लिहिला आहे तेवढा माल जागेवर आहे, असें खात्रीनें सांगणें कठीण. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ सालीं लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या किल्ल्यांची व्यवस्था सांगितली आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत या तिघांनीं मिळून कारभार करावा, आणि जमाखर्चासाठीं कारखानीस निराळा असावा, अशी ती योजना. एकाच हातीं सर्व सत्ता असूं नये, हें तिचें मर्म होय.

पुढें व्यापार वाढला, गोदामें प्रचंड झालीं. वूडलंड आणि सिल्व्हर या अमेरिकन गृहस्थांना १९५२ सालीं खुणेच्या रेघांचें पेटंट मिळालें. बारकोडाच्या कल्पनेचा आरंभ तो हाच. २६ जून १९७४ रोजीं ओहायोंतील ट्रॉय गांवच्या एका दुकानांत च्युइंग गमच्या पुडक्यावरील बारकोड यंत्रानें प्रथम वाचला. वाचन जलद झालें खरें. पण उंच मांडणीवरील खोकीं मोजण्यासाठीं माणसाला वर चढावेंच लागे. त्यांत वेळ जाई, आणि पडण्याचें भयही असे. म्हणून पुष्कळ ठिकाणीं संपूर्ण मोजदाद वर्षांतून एखाद्या वेळींच होई.

या अडचणींतून ड्रोनची कल्पना निघाली. २०१६ सालीं वॉलमार्टनें आपल्या गोदामांत असा प्रयोग दाखविला, आणि महिन्याचें काम एका दिवसांत होईल, असें सांगितलें. आयकियाचीं बहुतेक दुकानें चालविणाऱ्या इंगका समूहानें २०२३ मध्यें १६ ठिकाणीं मिळून १०० ड्रोन कामास लावल्याचें जाहीर केलें. छपराखालीं उपग्रहाच्या संकेतांवर विसंबतां येत नाहीं. म्हणून गोदामांतील ड्रोनला आपली जागा ओळखण्याची निराळी सोय लागते. कामकाज बंद असतां तो मांडण्यांमधून फिरतो, छायाचित्रें घेतो, आणि मिळालेल्या खुणांची नोंदवहीशीं रुजुवात होते.

येथें काटकसरीहून मोठी अशी एक गोष्ट आहे. तूट आली कीं पहिला संशय गोदामावरील सामान्य नोकरावर येतो. वर्षाअखेरच्या मोजणींत माल कमी भरला, तर तो केव्हां गेला, कोणाच्या पाळींत गेला, कीं केवळ शेजारच्या खणांत ठेवला गेला, हें कोणास सांगतां येणार? वारंवार होणारी मोजणी ती वेळ जवळ आणून ठेवते, आणि निरपराध माणसाला साक्षीदार मिळतो.

मात्र हा साक्षीदार खोक्यावरची चिठ्ठी पाहतो, आंतील वस्तु पाहत नाहीं. रिकाम्या खोक्यावरची चिठ्ठीही तो बिनतक्रार वाचील. यास्तव फरक दिसेल तेथें खोकें उघडून पाहणारा आणि खालीं सही करणारा मनुष्य हवाच. आणि ज्याच्यावर आळ येईल, त्याला तीं छायाचित्रें पाहण्याचा अधिकारही हवा. साक्ष यंत्रानें द्यावी. निवाडा माणसानेंच करावा.