प्लेग, पोलिसांचे दोर आणि चायनाटाउन

6 मार्च 1900. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या चायनाटाउनमध्ये एका हॉटेलच्या तळघरात चिनी मजुराचा मृतदेह सापडला. प्लेगचा संशय आला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सगळ्या मोहल्ल्याला दोर बांधून वेढा दिला. आत असलेल्या गोऱ्यांना बाहेर जाऊ दिले, चिन्यांना अडवले. रोग कुणाला आहे हे पाहिलेच नाही, चेहरा तेवढा पाहिला.

हा वेढा काही दिवसांत उठला, पण मे महिन्यात दुसरा पडला. गोऱ्यांची दुकाने वगळायची म्हणून त्याची रेषा वाकडीतिकडी नेली होती. त्याच महिन्यात हुकूम निघाला की, हाफकिनची लस घेतल्याशिवाय कोणत्याही आशियाई माणसाने शहर सोडायचे नाही. गोऱ्यांना ही अट नव्हती. साहजिकच चिनी लोकांना लसच शत्रू वाटू लागली.

ही लस आपल्या मुंबईची. हाफकिन यांनी ती 1897 मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली. तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतल्यावर खोजा समाजातली भीती कमी झाली. त्याच शहरात 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात प्लेगचे पथक रुग्णाला न्यायला आले, तेव्हा जुलाहा विणकरांनी विरोध केला आणि दंगल पेटली. दोघेही मुसलमान, रोगही एकच. पण एकीकडे आपल्यातला, विश्वासाचा माणूस पुढे आला होता, तर दुसरीकडे दारात सरकारी पथक उभे होते.

चायनाटाउनमध्ये हजारो लोक एकत्र राहत होते, म्हणूनच त्यांना कोंडणे सोपे गेले. पण एकत्र असल्यामुळेच त्यांच्याकडे व्यापाऱ्यांची संघटना होती, स्वतःचे वृत्तपत्र होते आणि वकिलांना द्यायला पैसा होता. ते कोर्टात गेले. न्यायाधीश मॉरो यांनी मे महिन्यात लसीची सक्ती रद्द केली आणि जूनमध्ये वेढाही बेकायदा ठरवला. कायद्यापुढे सर्व समान असताना एकाच वंशाला वेगळा नियम लावता येणार नाही, हा त्या निकालांचा गाभा.

त्याच वर्षी होनोलुलूत वेगळेच घडले. तिथल्या चायनाटाउनमध्ये चिनी, जपानी आणि मूळ हवाईयन शेजारी शेजारी राहत. आरोग्य मंडळ प्लेगची घरे जाळत होते. 20 जानेवारीला वारा फिरला आणि सगळी वस्ती पेटली. हजारो लोक बेघर झाले. ‘चिनी रोगा’च्या नावाने लावलेल्या आगीने शेजाऱ्यांचीही घरे खाल्ली.

1907 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेग परत आला. या वेळी रुग्ण बहुतेक गोरे होते. कुठेही दोर बांधले गेले नाहीत. उंदीर मारण्याची मोहीम निघाली आणि साथ आटोक्यात आली.

2020 मध्ये कोरोना आला, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या चायनाटाउनमध्ये स्वयंसेवक गस्त घालू लागले. पण टेक्सासमधल्या मिडलँडमध्ये अशी वस्ती नाही. तिथे मार्च महिन्यात एका दुकानात म्यानमारच्या कुटुंबावर चाकूहल्ला झाला. हल्लेखोराने त्यांना चिनी समजले होते. लहान मुलेही जखमी झाली. मोहल्ला नव्हता, संघटना नव्हती. मध्ये पडला तो दुकानातला एक कर्मचारी.

त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे तबलिगी जमातीचे नाव प्रत्येक चॅनलवर होते. भाजीवाल्यांना नाव विचारून हाकलले जात होते. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता बोलून दाखवली.

त्या दिवसांनंतर अनेक जण म्हणू लागले, आपल्याच मोहल्ल्यात राहिलेले बरे. ही भावना समजते. चायनाटाउनचा इतिहासही सांगतो की एकत्र असलेला समाज वकील उभा करू शकतो. पण दोरही त्याच्याभोवतीच बांधता येतात. त्यामुळे मोहल्ल्यात संघटना हवी, तसा मोहल्ल्याबाहेर रोजचा शेजारही हवा. साथ आल्यावर ओळख करून घ्यायला वेळ मिळत नाही.