आजोबांचं दफ्तर आणि फसली सन

हैदराबादेत तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी घरांत जुन्या कागदांचं एक गाठोडं असतंच. आमच्याकडे त्याला 'दफ्तर' म्हणत. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, म्हणून घराचं खरेदीखत उर्दूत. आजोबांचा हिशेब मोडीत. पत्रिका बाळबोधात. रकमाही हाली सिक्क्यात. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे ठाऊक नसेल तर घराची किंमतही चुकीची वाचली जाते.

पण खरा घोळ तारखांचा. सरकारी कागदावर सन फसली, महिने आजूर, दै, बहमन असे. वर्ष आजूरला सुरू, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यामुळे डिसेंबरपर्यंत फसलीत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून ५९१. पोलीस ॲक्शन झाली ते १९४८ साल फसलीत १३५७.

वडिलांच्या जन्माच्या दाखल्यावर खुरदाद १३४८ आहे. खुरदाद म्हणजे साधारण एप्रिल, तेव्हा साल १९३९. शाळेत नाव घालताना कारकुनाने सरसकट ५९० मिळवले आणि १९३८ लावून टाकलं. तेच पुढे नोकरीच्या पुस्तकात गेलं. वडील एक वर्ष आधी निवृत्त झाले. धाकट्या आत्याचं लग्न तेव्हा व्हायचं होतं! एका वर्षाचा पूर्ण पगार काय असतो, ते घरातल्या बायकांना विचारा.

आजीच्या वहीत मात्र बरोबर होतं: चैत्र वद्य, शके १८६१. आजी उर्दू शिकलेली नव्हती, पण श्राद्धतिथी, बाळंतपणं, घरपट्टी, सावकाराच्या व्याजाची तारीख, सगळं तिने एकाच वहीत तिथीवार ठेवलं होतं. कुणाकडे कधी जायचं, कुणाचं काय देणं, ते तीच सांगायची. माझ्या मते आमच्या घरचं खरं दफ्तर ती वहीच. पण निवृत्तीच्या तोंडावर जन्मतारीख बदलून मिळत नाही, आणि वहीला साक्ष म्हणून कोण विचारतो?

गेल्या दिवाळीत गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांनी दोन दुपारी बसून सगळे कागद वाचून दिले. चहाशिवाय काही घेतलं नाही. आता प्रत्येक कागदाला चिठ्ठी लावली आहे: कशाचा, कुणाच्या नावे, फसली सन, इंग्रजी सन. मोडीतले हिशेब तेवढे राहिलेत. काचीगुडा-सुलतान बाजारकडे मोडी वाचणारं कुणी असेल तर जरूर कळवा.