उमेदवारीतील सेवामुक्ती : एका हक्काचा इतिहास

कंपनी सरकारच्या अमदानीपासून सरकारी चाकरी ही धन्याच्या मर्जीवर चालत आली, आणि ज्या मर्जीला 1919 च्या कायद्याने 96ब कलमात स्पष्ट शब्द दिले तीच स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतही 310 व्या कलमाच्या रूपाने कायम राहिली. मात्र लगतच्या 311 व्या कलमाने असे बंधन घातले की, बडतर्फी किंवा पदावनती यांसारखी शिक्षा देण्यापूर्वी नोकरास आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळालीच पाहिजे. परंतु ज्याची नेमणूकच परिवीक्षेवर, म्हणजे पारखून घेण्याच्या अटीवर झाली आहे आणि ज्याला त्या जागेवर अद्याप हक्क नाही, त्याला या संरक्षणाची छाया मिळावी की नाही, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला.

1957 साली, रेल्वेतील एका हंगामी बढतीच्या प्रकरणात, म्हणजे सुप्रसिद्ध धिंग्रा खटल्यात, सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी दंडक घालून दिला : करारान्वये वा नियमान्वये नोकरी संपविणे ही शिक्षा नव्हे, पण गैरवर्तनाचा आरोप हाच जर त्या हुकमाचा पाया असेल, तर ती शिक्षाच होय. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले व्हिव्हियन बोस यांनी मात्र भिन्नमतपत्रात, कराराने ओढवणाऱ्या परिणामांपलीकडे नोकराचे काही अनिष्ट होते काय, हीच खरी कसोटी मानली.

या दंडकातून एक विपरीत स्थिती उद्भवली. 1960 साली बिहारमधील एका परिवीक्षाधीन अधिकाऱ्याच्या खटल्यात, चौकशी करून, लाचखोरीचा ठपका ठेवून, पण बाजू मांडू न देता काढलेला हुकूम रद्द झाला. तथापि कारण न देता त्याला सेवामुक्त केले असते तर त्याला तक्रारीस जागा नव्हती, असेही न्यायालयाने नमूद केले. म्हणजे आरोप उघड लिहिणारा अधिकारी अडचणीत येई, आणि तोच आरोप मनात ठेवून निरुपद्रवी वाक्य लिहिणारा सुरक्षित राही.

हे छिद्र बुजविण्याचे काम पुढील दोन दशकांत झाले. 1963 साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या निकालाने, एका अस्थायी कारकुनास सेवेत ठेवणे ‘अनिष्ट’ ठरविणाऱ्या हुकमातील कलंक ओळखला. 1974 साली समशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने पंजाबच्या दोन परिवीक्षाधीन न्यायाधीशांची सेवामुक्ती रद्द केली आणि हुकमाचे बाह्य रूप निर्णायक नसते, असे सांगितले. त्यांपैकी एकाविरुद्ध दक्षता विभागाने परस्पर जबान्या घेतल्या होत्या. 1984 साली भारतीय पोलीस सेवेतील एका प्रशिक्षणार्थ्याच्या बाबतीत, पहाटेच्या कवायतीला झालेल्या उशिरावरून त्याला चिथावणीखोर ठरवून काढण्यात आले होते हे दप्तरातून उघड होताच, साध्या शब्दांचा पडदा न्यायालयाने दूर सारला.

काम असमाधानकारक आढळल्यास उमेदवारास निरोप देण्याचा धन्याचा अधिकार या सर्व निकालांनंतरही अबाधित आहे, आणि तो असावाच, कारण पारख करता येत नसेल तर परिवीक्षेला अर्थ उरत नाही. परंतु पारखणे आणि दोषी ठरविणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि ज्या माणसाची उपजीविका व अब्रू एका हुकमाने जाणार असते, त्याच्यावरील आरोप त्याच्या तोंडावर ठेवावा व त्याचा खुलासा ऐकावा, एवढी मर्यादा मर्जीच्या राज्यालाही पाळावीच लागते.