काळी फीत कुणासाठी?

४ मार्च २०२५. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया. बोरिवलीला मित्राच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर. ट्रॅव्हिस हेड कधी आऊट होतोय, एवढीच चर्चा. तेवढ्यात एकाने विचारलं, "अरे, आपल्या प्लेअर्सच्या दंडाला काळी फीत कशाला?"

आदल्या दिवशी पद्माकर शिवलकर गेले होते, ८४ व्या वर्षी. खरं सांगतो, आमच्यातल्या निम्म्यांनी हे नावच ऐकलं नव्हतं.

तर ऐका. शिवलकर म्हणजे मुंबईचे डावखुरे स्पिनर. सगळे त्यांना 'पॅडी' म्हणायचे. फर्स्ट क्लासच्या १२४ मॅच, ५८९ विकेट. १९७२-७३ ची रणजी फायनल मद्रासला, चेपॉकवर होती. तिथे तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ रन देऊन ८ विकेट, दुसऱ्या डावात १८ देऊन ५. आणि भारताकडून टेस्ट किती? एकही नाही! कारण तेव्हा डावखुऱ्या स्पिनरची जागा बिशनसिंग बेदींची होती. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचंही तेच झालं. २०१७ मध्ये दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

गंमत बघा, त्या सेमीफायनलला भारताचे चार स्पिनर होते, त्यातले तीन डावखुरे!

मॅच आपण जिंकली. पण माझ्या डोक्यातून ती फीत जाईना. ज्यांना भारताची कॅप कधीच मिळाली नाही, त्यांच्यासाठी भारताच्या टीमने ती बांधली होती.

आज घरी आजोबांना विचारा, "पॅडींची बॉलिंग बघितलीय का?" मग फोन बाजूला ठेवून ऐका.