कोल्हापूरच्या गादीचं बेट

सुट्टीच्या दिवशी मालवणच्या बंदरावर 'एमएच 09' पाटीच्या गाड्या सहज मोजता येतात. पहाटे अंधारात निघालेलं कुटुंब फोंड्याचा नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरून, वाटेत कुठंतरी चपाती-भाजीचा डबा संपवून जेटीवर येतं. पोरांना कधी एकदा पाण्यात उतरतो असं झालेलं असतं. आजीचं म्हणणं एकच, आधी किल्ला, मग पाणी. तिकीट काढायचं, लाइफ जॅकेट चढवायचं, होडीत बसायचं, की दहा-पंधरा मिनिटांत सिंधुदुर्गाचा तट समोर. दरवाजा मात्र दिसत नाही. बुरुजांच्या वळणात तो असा लपवलाय, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत आत शिरायची वाट कुठं आहे ते कळू नये.

आत गेल्यावर बहुतेक जण मंदिर, बुरूज आणि फोटो यांत अडकतात. तटाच्या एका लहान दरवाजातून बाहेर पडलं, तर खाली छोटीशी पुळण लागते. पाठीशी काळा तट, दोन्ही अंगांना खडक आणि समोर उघडा समुद्र. हिला राणीची वेळा म्हणतात. महाराणी ताराबाई इथं समुद्रस्नानाला येत, असं मालवणात पिढ्यान् पिढ्या सांगतात. घोटाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या पोराला हे कुणीतरी सांगायला हवं, कारण ही राणी त्याच्याच गावची.

कुरटे नावाच्या या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला तो 25 नोव्हेंबर 1664 रोजी. मुहूर्ताची पूजा झाली किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी. सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज हे तिघेही समुद्रावर हक्क सांगत असताना आपलंही ठाणं समुद्रातच हवं, हा त्यामागचा हिशेब होता. सुमारे 48 एकरांचं क्षेत्र आणि जवळजवळ तीन किलोमीटरचा नागमोडी तट. पायात शिसं ओतल्याचं बखरी सांगतात. पण या जागेचं खरं बळ आहे ते गोड्या पाण्यात. चारही बाजूंना खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी लागलं. त्या पाण्यावरच शिबंदीला इथं महिनोन् महिने तग धरता आला.

कोल्हापूरच्या इतिहासात या बेटाचं मोल ठरलं ते 1708 मध्ये. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली होती. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या फौजा दक्षिणेकडे वळल्या. पन्हाळा गेला. ताराबाई रांगण्याला गेल्या, तर वेढा तिथंही पडला. मग त्या घाट उतरून मालवणला, सिंधुदुर्गाच्या आसऱ्याला आल्या. पावसाळा तोंडावर आला तसा शाहू महाराजांना वेढा उठवावा लागला. ताराबाई परतल्या, पन्हाळा पुन्हा ताब्यात घेतला आणि 1710 मध्ये कोल्हापूरची स्वतंत्र गादी उभी राहिली. त्या उन्हाळ्यात पाठीशी हा किनारा नसता, तर करवीरचं राज्य जन्माला येणं अवघडच होतं. शाळेतल्या पुस्तकांत पन्हाळ्याचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. सिंधुदुर्गाच्या वाट्याला मात्र ते कमी आलंय.

पुढं शंभर वर्षं मालवण हे कोल्हापूरचं बंदर होतं. आज पंचगंगेच्या काठच्या शहराला आपलं आरमार होतं हे ऐकून नवल वाटतं, पण करवीरची गलबतं या बंदरातून निघत आणि इंग्रजांच्या व्यापाराला त्यांची धास्ती असे. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. करवीर दरबाराच्या लेखी तो आपल्या समुद्रावरचा आपला हक्क होता. 1765 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नावही देऊन टाकलं. त्या वेळी गादीचा कारभार महाराणी जिजाबाईंच्या हाती होता. पुढच्याच वर्षी पावणेचार लाखांहून अधिक रुपयांच्या बोलीवर आणि व्यापाराला उपद्रव न देण्याच्या अटीवर बेट परत मिळालं. एवढी रक्कम कबूल करायला दरबार तयार झाला, यावरूनच बेटाची किंमत कळते.

1812 च्या तहात मात्र मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांच्या कंपनीकडे गेले, ते कायमचे. कोल्हापूर समुद्रापासून तुटलं.

नातं तरी सुटलं नाही. किल्ल्यात राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. शिवछत्रपतींची तिथली मूर्ती चित्रांतून डोळ्यांत बसलेल्या रूपाहून निराळी आहे आणि तिची रोजची पूजा चालते. मुलूख हातचा गेल्याला नव्वदहून अधिक वर्षं लोटल्यावर, 1907 च्या सुमारास, राजर्षी शाहू महाराजांनी या मंदिरापुढं सभामंडप बांधून दिला. आजी हात जोडून उभी राहते ती याच मंडपात.

कुटुंबानं दिवसभर समुद्रावर जायचं आणि त्यासाठी एखादं बेटच राखून ठेवायचं, ही आजच्या जगातली मोठी उलाढाल आहे. नॉर्वेजियन कंपनीनं 1977 मध्ये बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेट आपल्या क्रूझच्या प्रवाशांसाठी घेतलं. मग इतर कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. डिस्नीचं कॅस्टअवे के 1998 मध्ये सुरू झालं. तिथं वाळू, खुर्च्या, जेवण सगळं जहाजाच्या तिकिटावर आणि बाहेरच्याला मज्जाव. कुरटे बेटाचा प्रवास नेमका उलटा झाला. कधीकाळी राजाच्या परवानगीवाचून पाय ठेवता येत नव्हता तिथं आज कुणीही उतरतं. तटाच्या आत काही कुटुंबं अजून राहतात आणि दमून आलेल्या पाहुण्यांना त्यांच्या दारात कोकम सरबत मिळतं.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत पन्हाळाही आहे आणि सिंधुदुर्गही. ताराबाईंचे हे दोन्ही आधार एका ओळीत आले, याचा कोल्हापूरनं मनापासून आनंद मानावा. होडीवाले किल्ला पाहायला साधारण तासाभराची मुदत देतात. मंडप, तिन्ही विहिरी, तटावरची फेरी आणि राणीची वेळा एवढ्यात उरकत नाही, म्हणून जास्तीचा वेळ निघण्याआधीच बोलून घ्यावा. मेअखेरीपासून पावसाळाभर होड्या बंद असतात. दिवाळीनंतर समुद्र शांत असतो आणि ऊनही सोसवतं. पोरांना घेऊन जायचं तर तेव्हा जावं, आणि तारकर्लीच्या वाळूआधी किल्ल्यावर.