आयकॉन कसे बनतात? चौकटीच्या वहीपासून मॅकिंटॉशपर्यंत

बॉम्ब, रंगाची बादली, हसरा कॉम्प्युटर... १९८४ साली आलेल्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशवरची ही चित्रं सुझन केअर यांनी काढली. त्यांचं शिक्षण कलेतलं होतं. कॉम्प्युटरसाठी डिझाइन करण्याचा अनुभव मात्र अजिबात नव्हता.

मग काम कसं मिळालं? मॅकिंटॉशच्या टीममधले अँडी हर्ट्झफेल्ड हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. आलेखाची वही घे आणि ३२ बाय ३२ चौकोनांत चित्रं काढ, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे एकूण १,०२४ चौकोन. प्रत्येक एकतर काळा, नाहीतर पांढरा. केअर यांनी वही भरली आणि तीच घेऊन त्या मुलाखतीला गेल्या. १९८३ मध्ये त्या अ‍ॅपलमध्ये रुजू झाल्या. पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.० मधल्या सॉलिटेअरचे पत्तेही त्यांनीच डिझाइन केले. त्यांची सुरुवातीची रेखाटनं आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

आयकॉन संच करून पाहायचा असेल तर?

- एकच विषय घ्या. उदाहरणार्थ, एसटी स्टँडवर लागणाऱ्या दहा खुणा.
- सगळ्या आयकॉनसाठी चौकटीचा आकार आणि रेषेची जाडी एकसारखी ठेवा.
- अनावश्यक तपशील काढून टाका.
- चित्र अगदी लहान करून, नाव न सांगता कुणाला तरी दाखवा. ओळखता आलं नाही, तर पुन्हा काढा.

स्वतःहून केलेल्या कामामुळे नोकरी मिळेलच असं नाही. पण अनुभवाचा रकाना रिकामा असताना दाखवायला हातात काहीतरी असतं. केअर यांच्याकडे ती वही होती.