मंत्रमूल्य, चल व अतिरिक्त
संग्राह्य पत्त्यांच्या खेळात मंत्राचा पत्ता वापरण्यासाठी खर्चावी लागणारी शक्ती. हे मूल्य स्थिर असल्यास स्वस्त पत्ता उत्तरार्धात दुबळा ठरतो, तर महाग पत्ता प्रारंभी अडून राहतो. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ (१९९३) या खेळात ‘फायरबॉल’सारख्या पत्त्यांनी ही अडचण सोडविली. त्यातील ‘एक्स’ ही संख्या खेळाडूच ठरवितो व तेवढी हानी होते. पहिल्यानंतरच्या प्रत्येक लक्ष्यासाठी एक एकक शक्ती जादा द्यावी लागते. पुढे ‘बायबॅक’मध्ये (१९९७) जादा मूल्य दिल्यास पत्ता हाती परत येऊ लागला, ‘किकर’मध्ये (२०००) परिणाम वाढू लागला. या निवडी आधी जाहीर कराव्या लागतात. मग एकूण मूल्य निश्चित होते व शेवटी ते चुकते केले जाते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे प्रत्युत्तर पाहून ‘एक्स’ बदलता येत नाही.